‘गोतावळा’ ते ‘झोंबी’: शिकवणाऱ्या लेखकाची सोळा वर्षं

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली आली. ‘झोंबी’ हा आत्मचरित्राचा पहिला खंड आला १९८७ साली. दोन्ही पुस्तकांखालची माती एकच आहे: कागलचा मळा, विहीर, मोट, जनावरं आणि राबणारी माणसं. तरीही दोहोंमध्ये सोळा वर्षं गेली. त्या काळात यादव कथा, कादंबऱ्या, ललित आणि समीक्षा लिहीत होते, मराठी शिकवत होते. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुखही झाले. ज्या बालपणावर ‘झोंबी’ उभी आहे ते तर १९७१ च्याही कितीतरी आधी जगून झालेलं होतं. मग ते स्वतःच्या नावाने सांगायला पन्नाशी का उलटावी लागली? आणि त्या मधल्या वर्षांत अध्यापनाने लेखनाला काय दिलं, काय घेतलं? कथा-कादंबरी आणि आत्मचरित्र दोन्ही लिहू पाहणाऱ्या, पोटासाठी शिकवणाऱ्या कुणालाही हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

यादवांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचा. पहिलं पुस्तक कवितेचं, ‘हिरवे जग’ (१९६०). मग ‘खळाळ’ हा कथासंग्रह, मग ‘गोतावळा’. म्हणजे मळ्याचा अनुभव आधी कवितेत आला, मग कथेत, मग कादंबरीत आणि सर्वांत शेवटी आत्मचरित्रात. आज बरेच नवे लेखक याच्या उलट जातात. पहिलंच पुस्तक स्वतःच्या आयुष्याचं लिहितात आणि दुसऱ्या पुस्तकाला सामग्री उरत नाही. यादवांच्या क्रमात सामग्री संपली नाही, कारण दर वेळी तिच्यातलं वेगळं काही उचललं गेलं. कवितेने मळ्याचा रंग घेतला, कथेने एकेक माणूस घेतला, कादंबरीने मळ्याची मोडतोड घेतली. ‘मी’ तसाच बाकी राहिला.

भाषेचा प्रश्न आधी सुटला

‘गोतावळा’चा निवेदक नारबा हा मळ्यावर राबणारा गडी. त्याला सख्खं कुणी नाही. जनावरं, झाडं, पाखरं हाच त्याचा गोतावळा. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची गरज संपत जाते. सगळी कादंबरी नारबाच्या तोंडून, त्याच्या बोलीत आहे. संवाद तेवढे बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी सोय लेखकाने घेतलेली नाही. अख्खी कादंबरी बोलीत लिहिली की काय काय अडतं, याची यादी कारागिराला माहीत हवी.

पहिलं, लेखनात एकसारखेपणा. ‘त्येला’ की ‘तेला’, ‘न्हाई’ की ‘नाय’, ‘कवा’ की ‘कंदी’, ‘हितं’ की ‘हतं’, हे पहिल्या पानाआधी ठरवावं लागतं. न ठरवता लिहिलं की दहाव्या पानावर एक रूप आणि साठाव्या पानावर दुसरं येतं. मुद्रितशोधक मग आपल्या मर्जीने निम्मं ‘शुद्ध’ करतो. पन्नास-साठ रूपांचा तक्ता करून तो हस्तलिखितासोबतच प्रकाशकाकडे द्यावा, हा त्यावरचा साधा उपाय. दुसरं, विचार. बोलीत बोलणारा निवेदक बोलीत विचारही करतो, म्हणून त्याच्या तोंडी ‘परिस्थिती’, ‘संघर्ष’, ‘अस्तित्व’ असले शब्द चालत नाहीत. ट्रॅक्टरमुळे शेतीव्यवस्था बदलते, हे वाक्य नारबा म्हणूच शकत नाही. कोणता बैल कधी विकला गेला, एवढंच तो सांगू शकतो. बोली पत्करली की भाष्य आपोआप गळतं आणि घटनाच उरतात. ‘गोतावळा’ची ताकद इथे आहे, आणि बोलीत लिहिलेल्या अनेक कादंबऱ्या फसतात त्याही इथेच: शब्द बोलीतले, विचार मात्र संपादकीयातला.

तिसरी अडचण वाचकाची. मोट, नाडा, सोल, धाव, थारोळं हे शब्द ज्याने विहिरीवर पाहिलेले नाहीत त्याला कळायचे कसे? तळटीप दिली की निवेदकाचा आवाज तुटतो. म्हणून शब्द कामासकट यायला हवा. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणतो, मोट वर येते, सोल ओढलेली असते म्हणून सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं: एवढं एका हालचालीत दिसलं की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

‘झोंबी’त यादवांनी ही रीत बदलली, आणि ते योग्यच केलं. तिथे संवाद कागलच्या बोलीत आहेत. निवेदन मात्र प्रमाण भाषेच्या जवळचं, गावाकडचे शब्द अंगावर वागवणारं. कारण आत्मचरित्राचा निवेदक तो पोरगा नाही. शिकून प्राध्यापक झालेला माणूस त्या पोराकडे वळून पाहतो आहे. त्याने सबंध पुस्तक बोलीत लिहिलं असतं तर ते सोंग वाटलं असतं. संवादही प्रमाण भाषेत घातले असते तर आई-वडील परके झाले असते. किती अंतरावरून बोलायचं हे ज्याला आधी कादंबरीत कळलं, त्यालाच आत्मचरित्रात ते साधलं. सोळा वर्षांच्या प्रश्नाचा पहिला जबाब हाच, आणि आमच्या मते सर्वांत वजनाचा.

शिकवण्याने काय दिलं

दुसरा जबाब वर्गातून येतो. मधल्या काळात यादवांनी ग्रामीण साहित्याची बाजू तर्काने मांडली. ‘ग्रामीण साहित्य: स्वरूप आणि समस्या’ (१९७९) आणि ‘ग्रामीणता: साहित्य आणि वास्तव’ (१९८१) ही पुस्तकं याच वर्षांतली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ग्रामीण साहित्याची चळवळ बांधण्यात ते पुढे होते. साहित्याच्या निर्मितिप्रक्रियेवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि पुढे ‘आत्मचरित्रमीमांसा’ही. आत्मचरित्र लिहिणं आणि आत्मचरित्र या प्रकाराची मीमांसा करणं, दोन्ही कामं एकाच माणसाने करणं मराठीत विरळ.

समीक्षा केल्याने लेखन कोरडं होतं, असं नेहमी म्हटलं जातं. इथे तसं दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. ग्रामीण जीवन विनोदापुरतं किंवा निसर्गवर्णनापुरतं वापरलं जातं, ही त्यांची समीक्षेतली तक्रार. ती एकदा छापील मांडली की स्वतःच्या आत्मचरित्रात तीच चूक करता येत नाही. समीक्षा हा लेखकाने जाहीरपणे स्वतःला घातलेला नियम ठरतो. ‘झोंबी’त मळा सुंदर म्हणून येत नाही; तो वेळापत्रक म्हणून येतो.

शिवाय त्या वर्षांत मराठीत आत्मकथनाची वाटही रुंद झाली होती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं. वाचक, प्रकाशक आणि अभ्यासमंडळं यांना कळलं होतं की नामवंत नसलेल्या घरातल्या, तरुण माणसाची कथाही आत्मचरित्र असू शकते. १९७१ साली ‘झोंबी’ आली असती तर तिला ही जमीन मिळाली नसती.

एक प्रसंग उघडून पाहू

‘झोंबी’तला शाळेत परत जाण्याचा प्रसंग आत्मचरित्र शिकवताना फळ्यावर मांडावा असा आहे. वडिलांनी पोराची शाळा सोडवून त्याला मळ्यात जुंपलेलं आहे. पोरगा आईला विश्वासात घेतो, दोघं मिळून गावातल्या दत्ताजीराव देसाईंकडे जातात, आणि देसाई वडिलांना दटावतात. वडील कबूल होतात, पण अटी घालून. दिवस उगवायला मळ्यात हजर राहायचं. अकरा वाजेपर्यंत काम करायचं. सकाळी घरातून निघतानाच दप्तर बरोबर घ्यायचं, म्हणजे मळ्यातून थेट शाळा. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून तासभर गुरं चारायची. आणि मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

या प्रसंगात ‘माझं बालपण हिरावलं गेलं’ असं एकही वाक्य लागत नाही. अटींचे तास वाचकाच्या अंगावर येतात. स्वतःच्या दुःखावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला स्वाध्याय हाच द्यावा: जे सोसलं त्याला नाव देऊ नका, त्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. सकाळी किती वाजता, कुठे, कोणतं काम, केव्हा सुटका. भावनेचे शब्द नंतर हवेच असले तर घाला. बहुतेक वेळा ते लागत नाहीत.

वडिलांचं चित्रणही पाहण्यासारखं आहे. ते खलनायक होऊ शकले असते. पण लेखक त्यांचं गुऱ्हाळाचं गणित सांगतो. सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ घातलं की बाजारात गूळ कमी असतो, म्हणून भाव चढा मिळतो, असं वडिलांचं म्हणणं. इतर शेतकरी ऊस रानात उभा ठेवतात, कारण तो पुरता पिकला की गूळ जास्त उतरतो. वडिलांचा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. ज्या माणसाने आपलं नुकसान केलं त्याचा तर्क त्याच्या बाजूने पुरा लिहायचा, ही आत्मचरित्रातली सर्वांत अवघड कसरत, आणि ती कादंबरी लिहिल्याशिवाय सहसा येत नाही. कादंबरीत प्रत्येक पात्राला त्याची स्वतःची कारणं द्यावीच लागतात. तो हात बसलेला असला की घरच्या माणसांवर लिहिताना सूड उतरत नाही.

सौंदलगेकर मास्तरांचा तास

या लेखक-शिक्षकाच्या आत्मचरित्राच्या मध्यभागी एक वर्ग आहे, हे योगायोगाने घडलेलं नाही. मराठीचे मास्तर न. वा. सौंदलगेकर कविता चालीत म्हणून, हावभावासह शिकवत. कवींच्या आठवणी सांगत. त्यांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्यावर त्यांनी स्वतः कविता केली होती. पोराने वेलही पाहिला होता आणि कविताही ऐकली. कवी हाही आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, डोळ्यासमोरच्या गोष्टीवर कविता करता येते, हे त्याला तिथे कळलं. मळ्यात एकटा असताना तो मास्तरांच्या कविता मोठ्याने म्हणू लागला, चाली बदलून पाहू लागला. कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काटकीने किंवा दगडावर खड्याने ओळी लिहायच्या, पाठ झाल्या की पुसायच्या. लिहिलेलं मास्तरांना दाखवायचं. कधी तर सोमवारपर्यंत दम निघायचा नाही आणि तो रात्रीच त्यांच्या घरी जायचा. मास्तर त्याला कवीची भाषा कशी असते, छंद कसा ओळखायचा, अलंकार कुठे येतो ते सांगत आणि कवितासंग्रह वाचायला देत. त्यांनी त्याला सहावी-सातवीच्या पोरांसमोर कविता म्हणायला लावली, शाळेच्या समारंभातही म्हणायला लावली.

लेखन शिकवण्याची पद्धत म्हणून पाहिलं तर यात पाच गोष्टी आहेत: मोठ्याने म्हणून दाखवणं, स्वतःचं लेखन त्याच्या मूळ वस्तूसकट दाखवणं, लगेच अभिप्राय देणं, पुस्तक हातात ठेवणं आणि लोकांसमोर उभं करणं. यांतल्या लगेचच्या अभिप्रायाला पर्याय नाही. लिहिल्यानंतर दोन-तीन दिवसांत शेरा मिळाला तर विद्यार्थी तीच कविता दुरुस्त करतो. तीन आठवड्यांनी मिळाला तर तो फक्त गुण पाहतो, कारण तोवर ती कविता त्याच्या डोक्यातून गेलेली असते. साठ जणांच्या वर्गात सगळ्यांना दोन दिवसांत शेरे देणं होत नाही. म्हणून दर आठवड्याला दहा-बाराच वह्या घ्याव्यात, प्रत्येकीवर दोनच शेरे लिहावेत, एक चांगल्या ओळीखाली आणि एक अडलेल्या ओळीखाली. पानभर लाल शाईने मुलगा लिहायचा थांबतो.

वेळ आणि पैसा

अध्यापनाने लेखकाला पगार मिळतो, हे उघड आहे. किती फरक पडतो ते आजच्या आकड्यांत पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये. आता चारशे पानांचं आत्मचरित्र धरा, किंमत ५०० रुपये, मानधन दहा टक्के, हजार प्रती. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाच्या हाती ५०,००० येतात, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. एका महिन्याच्या मूळ वेतनापेक्षा कमी. यादवांना ‘झोंबी’साठी १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्याची रक्कम २५,००० रुपये होती; आज ती एक लाख आहे. मानाचा सन्मान, पण त्यावर घर चालत नाही.

वेळेचं गणित अधिक कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, एकूण कामाचे तास ४०. तयारी, उत्तरपत्रिका, समित्या हे सगळं उरलेल्या २४ तासांत. घरी न्यावं लागतं ते निराळं. चारशे पानं म्हणजे एक लाखाच्या आसपास शब्द. उन्हाळ्याच्या सुट्टीत पन्नास दिवस रोज हजार शब्द लिहिले तर पन्नास हजार होतात. म्हणजे पहिल्या खर्ड्याला दोन उन्हाळे आणि पुनर्लेखनाला तिसरा. यादवांचे खंड १९८७, १९९०, १९९२ आणि १९९७ असे आले. मधली अंतरं तीन, दोन आणि पाच वर्षांची. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने एका खंडाला तीन वर्षं धरावीत. त्याहून घाई केली तर पुनर्लेखनाचा उन्हाळा आधी कापला जातो, आणि पुस्तक तिथेच कच्चं राहतं.

संशोधनाच्या गुणांकनात शोधनिबंध, पुस्तकं, प्रकरणं, अनुवाद यांना जागा आहे. कादंबरीसाठी वेगळं शीर्षक नाही. म्हणून शिकवणारा कथाकार नोकरीतल्या बढतीसाठी समीक्षा लिहितो आणि स्वतःसाठी कथा. यादवांनी ही फूट जोडून घेतली. ज्या प्रश्नांवर त्यांनी समीक्षा केली ते त्यांच्याच कथालेखनाचे प्रश्न होते. आजच्या तरुण प्राध्यापकाने पीएचडीचा विषय निवडतानाच हे पाहावं: आपल्या कथेला अडवणारा प्रश्न संशोधनाचा विषय होतो का?

पुढचे खंड आणि एक मोठी ठेच

‘झोंबी’ मॅट्रिकपाशी थांबते. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ ही पुढची वाटचाल. नावांकडे पाहिलं तरी प्रवास दिसतो: मातीतली झटापट, मग मशागत, मग घर, मग काच. वाचकांच्या मनात घर केलं ते पहिल्या खंडाने, आणि ते स्वाभाविक आहे. पहिल्या खंडात पोराला एकच गोष्ट हवी आहे आणि एकच माणूस ती अडवतो आहे. नोकरी लागल्यावर अडथळे पसरट होतात: घरभाडं, भावंडांची शिक्षणं, साहित्यातले गट. अशा काळावर लिहिताना सालवार हकिगत हा सापळा असतो. त्यापेक्षा एका खंडात एकच ओझं घ्यावं आणि बाकीचं सोडून द्यावं. ‘घरभिंती’ जिथे घरच्या माणसांच्या जबाबदारीला चिकटून राहते तिथे ती भक्कम आहे.

ठेच लागली ती आत्मचरित्रात नव्हे, चरित्रात्मक कादंबरीत. ‘लोकसखा ज्ञानेश्वर’नंतर त्यांनी ‘संतसूर्य तुकाराम’ लिहिली. तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. त्याच सुमारास यादव महाबळेश्वरच्या ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्यांनी देहूला जाऊन माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी विरोध शमला नाही. शेवटी त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि मार्च २००९ चं संमेलन अध्यक्षाविना झालं.

लेखकाला अशा रीतीने माघार घ्यावी लागणं दुःखाचंच होतं. कारागिरीच्या बाजूने मात्र एक गोष्ट पाहता येते. ‘झोंबी’त वडिलांविषयी काहीही लिहिलं तरी त्याचा साक्षीदार लेखक स्वतः आहे. संताच्या तरुणपणाला साक्षीदार नाही; तिथे कादंबरीकाराची कल्पना भरते, आणि वाचकापाशी त्या माणसाचं स्वतःचं रूप आधीच असतं, अभंगांतून, वारीतून, घरातून. तुकोबांवर लिहिणाऱ्याने कोणता प्रसंग गाथेतून आला, कोणता परंपरेतून आणि कोणता आपण रचला, हे हस्तलिखिताच्या समासात प्रसंगागणिक नोंदवून ठेवावं. निदान कुठे आपण कुणाच्या श्रद्धेला हात घालतो आहोत, हे छापण्याआधी कळतं. चरित्रात्मक कादंबरी लिहिताना विद्यार्थ्यांकडून ही नोंद करवून घ्यावी. पहिल्या खर्ड्यानंतर ती आठवत नाही.

यादव २७ नोव्हेंबर २०१६ रोजी गेले. त्याआधीच ‘नटरंग’ या त्यांच्या कादंबरीवरचा चित्रपट २०१० साली घरोघर पोहोचला होता. आत्मचरित्राची गोष्ट निराळ्या वाटेने गेली. शाळेत परत जाण्याचा तो प्रसंग आणि सौंदलगेकर मास्तर ‘जूझ’ या नावाने केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पाठ्यपुस्तकात आहेत, केशव प्रथम वीर यांच्या अनुवादात. तिथे कागलची बोली नाही. आईची हाक नाही, वडिलांचा दरडावणारा सूर नाही. तरीही ज्या मुलांनी मोट पाहिली नाही, मराठी ऐकली नाही, त्यांना तो प्रसंग समजतो. दिवस उगवायला मळा, अकराला शाळा, मग तासभर गुरं, आणि अधूनमधून म्हशीच्या पाठीवर काटकीने लिहिलेल्या ओळी.